नाण्याएवढं कासव, चारशे लिटरची टाकी

मत्स्यालयाच्या दुकानात दहाच्या नाण्याहून जरा मोठं, कानाशी लाल पट्टा असलेलं हिरवं पिल्लू मिळतं. हे रेड-इअर्ड स्लायडर, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं. मादी 25 ते 30 सेंटिमीटरपर्यंत वाढते, तीस वर्षंही जगते. पाळणाऱ्यांचा ठोकताळा असा, की कवचाच्या दर अडीच सेंटिमीटरला 40 लिटर पाणी. पूर्ण वाढलेल्या कासवाला 400 लिटर. नुसतं पाणीच 400 किलो!

शिवाय बसायला कोरडी जागा, तिथे 30–32 अंश ऊब आणि यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) देणारा दिवा. बंद खिडकीतून येणारं ऊन कामाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. मग ‘ड’ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच बोटाने दाबलं की दबतं. नुसत्या सुक्या कोळंबीवर ठेवलं तर ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी पापण्या सुजून मिटतात. घरच्यांना वाटतं, झोपलंय.

निरोगी कासवाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जिवाणू असू शकतो. लहान मुलं पिल्लू तोंडात घालतात, म्हणून अमेरिकेने 1975 मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. टाकी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये, तेही यासाठीच.

कंटाळलेला मालक कासव तळ्यात सोडतो. युरोपात स्लायडरने स्थानिक कासवांना उन्हाच्या जागांवरून हुसकावलं. युरोपीय संघाने 1997 मध्ये आयात रोखली, पण फक्त लाल कानवाल्या उपजातीची. व्यापाऱ्यांनी त्याच जातीतली पिवळ्या पोटाची उपजात आणली. पूर्ण जात संघाच्या आक्रमक परकीय जातींच्या यादीत यायला 2016 उजाडलं.

आपल्याकडे वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर साइट्स (वन्य जीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले बॉल पायथनसारखे साप, हिरव्या इग्वानासारखे सरडे पाळणाऱ्यांना सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. (आपलं चांदणी कासव घरी ठेवणं मात्र सरळ गुन्हा.) पण साइट्स पाहते ते व्यापारामुळे जात धोक्यात येते का, आपल्या तळ्याला तिचा धोका आहे का, हे नाही. त्यासाठी त्याच दुरुस्तीतलं कलम 62अ आहे : आक्रमक परकीय जातींची आयात, विक्री, बाळगणं नियंत्रित करण्याचा अधिकार केंद्राला आहे. सगळ्याच सरड्या-सापांवर सरसकट बंदी नको; स्लायडरवर हवी, तीही पूर्ण जातीवर. मात्र एका रात्रीत नको, नाहीतर दुसऱ्या दिवशी तळी भरतील. युरोपने आधीपासून पाळलेली कासवं मरेपर्यंत ठेवू दिली, दोन अटींवर : बंदिस्त ठेवायची आणि पिल्लं होऊ द्यायची नाहीत.