ल्यूट हातात आहे, म्हणून वादकच?

सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या युरोपीय चित्रांत ल्यूट हे तंतुवाद्य घेतलेली माणसं पैशाला पासरी. त्यांतली थोडी खऱ्या वादकांची व्यक्तिचित्रं, बाकीची मॉडेल बसवून रंगवलेली. पहिल्या नजरेत फरक कळत नाही.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं फ्रान्स्वा द त्र्वाचं १६९० चं चित्र घ्या. साठी उलटलेला शार्ल मूतों, पॅरिसमधला नावाजलेला ल्यूटवादक आणि रचनाकार. या चित्रावरून जेरार एदलँकने कोरीव छापचित्र केलं, त्याखाली मूतोंचं नावच आहे. वाद मिटला.

आता इटालियन चित्रकार कॅराव्हॅज्जोचा ल्यूटवादक, साधारण १५९५-९६ चा, सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयातला. टेबलावर फळं, फुलं, व्हायोलिन आणि उघडी वही. वहीतले स्वर इतके स्पष्ट की वाचून गाता येतील: आर्काडेल्ट या रचनाकाराची मॅड्रिगल्स, म्हणजे अनेक आवाजांनी मिळून गायची गाणी, आणि इथली प्रेमगीतंच. पण वहीतला हा भाग खर्जात गाणाऱ्याचा आहे. ल्यूटवादकांची स्वतःची लिपी वेगळी, टॅब्युलेचर. कुठल्या तारेवर कुठला पडदा दाबायचा, ते त्यात इटलीत बहुधा आकड्यांनी आणि फ्रान्समध्ये अक्षरांनी लिहीत. म्हणून मला तरी हे प्रेमाच्या गाण्याचं चित्र वाटतं, कुणा वादकाची नोंद नव्हे.

मग समोर बसलंय कोण? कुणी म्हणतं पेद्रो मोंतोया हा गायक, कुणी म्हणतं चित्रकाराचा मित्र मारिओ मिन्नीती. दोन्ही अंदाजच. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या सतराव्या शतकातल्या बेल्लोरीने तर ती बाई आहे असं लिहून ठेवलं! चेहऱ्यावरून नाव शोधण्याचा हा खेळ कितपत भरवशाचा, ते यावरून समजा.

हातांवरून ओळखू म्हणणारेही असतात. उजवी करंगळी तबलीवर, म्हणजे वाद्याच्या दर्शनी फळीवर, टेकलेली दिसली की खरा वादक! पण मॉडेलला करंगळी टेकवायला शिकवायला असा किती वेळ लागतो? त्यापेक्षा छापचित्राखालची ओळ किंवा जुन्या संग्रहाची यादी शोधावी.

अर्थात यादीतही नीट बघायला हवं. आर्तेमिसिया जेंतिलेस्कीचं ल्यूट वाजवतानाचं चित्र अमेरिकेत हार्टफर्डला आहे. फ्लॉरेन्सच्या मेदिची राजघराण्याच्या १६३८ च्या यादीत, तिने स्वतःच्या हाताने काढलेलं स्वतःचं ल्यूट वाजवतानाचं चित्र अशी नोंद सापडते. नाव पक्कं, वाद्यही हातात, पण बाई चित्रकार होती.