डॅनिश मॉडर्न फर्निचर

डॅनिश मॉडर्न फर्निचर : साधारण १९४० ते १९६५ या काळात डेन्मार्कमध्ये, मुख्यतः कोपनहेगनच्या आसपास, बहरलेली फर्निचरची परंपरा. साग, ओक, बीच किंवा शिसवी लाकडाचा हलका सांगाडा, खाली निमुळते होत जाणारे पाय, हाताला कुठेही न बोचणाऱ्या गोलसर कडा, नक्षीकामाचा अभाव आणि सांधे झाकण्याऐवजी दाखवण्याकडे कल ही तिची ठळक लक्षणे होत. जर्मनीतील बाउहाउस या कलाशाळेचा संप्रदाय जुन्याशी फारकत घेऊन पोलादी नळ्यांच्या खुर्च्या घडवत होता, त्याच सुमारास डॅनिश डिझायनर मात्र संग्रहालयांत जुन्या खुर्च्यांची मापे घेत होते. या परंपरेचा नवेपणा जुन्याच्या बारकाईने केलेल्या दुरुस्तीतून आला, आणि हे फर्निचर आजही जुनाट वाटत नाही याचे मुख्य कारण बहुधा तेच असावे.

परंपरेचा पाया वास्तुविशारद कोरे क्लिंट (१८८८–१९५४) यांनी घातला. कोपनहेगनच्या रॉयल डॅनिश अकादमी ऑफ फाइन आर्ट्समध्ये १९२४ मध्ये त्यांनी फर्निचरचे शिक्षण सुरू केले. शहरातील कलाउद्योगांचे संग्रहालय, म्हणजे आजचे डिझाइनम्युझियम डेन्मार्क, १९२६ मध्ये जुन्या फ्रेडरिक रुग्णालयाच्या इमारतीत हलवण्यात आले. त्या इमारतीच्या नूतनीकरणात क्लिंट यांचा वाटा होता आणि पुढे ती त्यांच्या विद्यार्थ्यांची दुसरी शाळाच झाली. विद्यार्थ्याने आधी जुनी खुर्ची मोजावी, तिचे आरेखन करावे, ती तशी का घडवली गेली हे समजून घ्यावे आणि मगच स्वतःची रेघ ओढावी, अशी शिस्त होती. अठराव्या शतकातील इंग्लिश खुर्च्या, अमेरिकेतील शेकर पंथीयांचे निरलंकार फर्निचर, प्राचीन इजिप्तमधील घडीचे स्टूल यांपैकी काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. बसणाऱ्या माणसाच्या शरीराची मापे तर त्यांनी अभ्यासलीच. शिवाय कपाट किती खोल असावे हे ठरवताना घरात प्रत्यक्ष ठेवल्या जाणाऱ्या ताटवाट्यांची आणि कपड्यांच्या घड्यांचीही मापे घेतली.

क्लिंट यांची १९३३ ची सफारी खुर्ची या पद्धतीचा उत्तम नमुना आहे, आणि तिचा धागा थेट भारताशी जुळतो. ब्रिटिश हिंदी लष्कराचे अधिकारी मोहिमेवर नेत असलेली सुटी होणारी खुर्ची रुरकी येथील लष्करी अभियंत्यांच्या केंद्रावरून ‘रुरकी खुर्ची’ म्हणून ओळखली जाई. क्लिंट यांनी तिच्यावरूनच आपली खुर्ची बेतली. तिच्यात ना सरस लागतो ना खिळा. आडव्या दांड्यांची निमुळती टोके पायांतील तशाच निमुळत्या भोकांत नुसती बसवलेली असतात, बैठक कॅनव्हासची किंवा चामड्याची असते, आणि पट्टे आवळल्यावर माणसाच्या वजनानेच सारा सांगाडा घट्ट होतो. सांधे थोडे हलते असल्यामुळे खडबडीत जमिनीवरही चारही पाय टेकतात. लष्करी उपयोगाची ही वस्तू क्लिंट यांनी दिवाणखान्यात आणली. प्रमाणे सुधारली, लाकूड चांगले वापरले, पण युक्ती तीच ठेवली.

डिझायनर कितीही कुशल असला तरी त्याच्या कागदावरच्या रेघेला लाकडात उतरवणारा हात लागतो. तो हात मिळवून देण्याचे काम कोपनहेगनच्या फर्निचर-कारागिरांच्या संघाने, म्हणजे कॅबिनेटमेकर्स गिल्डने केले. कारखान्यातील स्वस्त मालापुढे आपले गिऱ्हाईक टिकवण्यासाठी गिल्डने १९२७ मध्ये वार्षिक प्रदर्शन सुरू केले आणि ते १९६६ पर्यंत दरवर्षी भरत राहिले. तेथे डिझायनर आणि कारागीर यांच्या जोड्या जमल्या : हान्स वेग्नर आणि यॉहानेस हान्सेन यांची कार्यशाळा, फिन यूल आणि नील्स व्होडर. सुताराने नुसता हुकूम पाळायचा, असा हा व्यवहार नव्हता. अमुक जाडीत हा सांधा टिकणार नाही, हे कारागीर तोंडावर सांगे आणि पुढच्या वर्षी रेघ बदललेली दिसे. डॅनिश मॉडर्नचे श्रेय वाटताना प्रसिद्ध नावांच्या यादीत या कार्यशाळांना फार मागे ढकलले जाते, ते न्याय्य नाही.

हान्स वेग्नर (१९१४–२००७) यांना दोन्ही बाजू ठाऊक होत्या. ट्यॉनर या सीमेवरच्या गावात एका चर्मकाराच्या घरी ते जन्मले आणि किशोरवयातच गावच्या सुताराकडे उमेदवारी करून हाताने लाकूड ओळखायला शिकले. त्यांनी आयुष्यात पाचशेहून अधिक खुर्च्यांची आरेखने केली. १९४० च्या दशकात मिंग काळातील चिनी खुर्च्यांनी त्यांना खेचून घेतले. पाठ आणि हात यांचे एकच वळण कसे करता येईल हा प्रश्न त्यांनी वर्षानुवर्षे सोडवला. १९४९ ची ‘राउंड चेअर’ हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उत्तर. तिच्या पाठीची आणि हातांची कड सलग धावते, पण ती एका लाकडातून निघालेली नाही. पाठीचा मधला तुकडा आणि दोन्ही हातांचे तुकडे वेगवेगळे कोरून जोडलेले आहेत. पहिल्या खुर्च्यांत हे जोड वेताच्या गुंडाळणीखाली दडवलेले होते. लवकरच वेग्नर यांनी गुंडाळणी काढून टाकली आणि त्या जागी करवतीच्या दात्यांसारखा नागमोडी सांधा उघडा ठेवला. दोन्ही तुकड्यांचे दाते एकमेकांत असे बसतात की सरस लावायला भरपूर पृष्ठभाग मिळतो, जोड मजबूत होतो आणि लाकडाच्या रेषा कुठे तुटून पुन्हा कुठे सुरू होतात हे उघड दिसते. ज्या ठिकाणी सुतार सहसा काहीतरी लपवतो, तेच ठिकाण येथे खुर्चीचे भूषण झाले.

वेग्नर यांचीच ‘विशबोन’ किंवा ‘वाय’ खुर्ची १९४९ मध्ये आखली गेली आणि कार्ल हान्सेन अँड सन या कंपनीने १९५० पासून तिचे उत्पादन सुरू केले, ते आजतागायत चालू आहे. वाफवून वाकवलेली अर्धवर्तुळाकार पाठ आणि तिला मधोमध पेलणारा इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचा टेकू ही तिची ओळख. बैठक विणण्यासाठी सुमारे १२० मीटर कागदी दोरी लागते आणि सरावलेल्या विणकरालाही त्याला साधारण तासभर लागतो. कागदाला पीळ देऊन केलेली ही दोरी महायुद्धाच्या काळात समुद्रगवताच्या दोरीचा तुटवडा पडला तेव्हा पर्याय म्हणून पुढे आली. टंचाईतून आलेला माल पुढे पसंतीचा माल ठरला, कारण ती दोरी ताणत नाही, आवाज करत नाही आणि वर्षांनंतर सैल पडलीच तर सांगाडा तसाच ठेवून पुन्हा विणता येते.

फिन यूल (१९१२–१९८९) यांची चाल निराळी होती. ते वास्तुविशारद होते, सुतारकी शिकलेले नव्हते, आणि क्लिंट यांच्या शिष्यांना त्यांची शिल्पासारखी वळणे सुरुवातीला फारशी रुचली नाहीत. १९४५ च्या हातखुर्चीत त्यांनी गादीची बैठक आणि लाकडी सांगाडा यांच्यात फट ठेवली, त्यामुळे बैठक अधांतरी तरंगल्यासारखी दिसते. १९४९ ची रुंद, ढालीसारख्या पाठीची ‘चीफटन’ खुर्ची त्यांच्या कामाचा कळस मानली जाते. न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयातील विश्वस्त परिषदेचे दालनही त्यांनीच सजवले. यूल आणि त्यांच्या समकालीनांनी सागाला डॅनिश फर्निचरचा चेहरा बनवले. चंद्रपूर-आलापल्लीच्या सागाशी परिचय असलेल्या वाचकाला उत्तर युरोपातील एवढ्याशा देशात साग कुठून आला असा प्रश्न पडणे साहजिक आहे. १८९७ मध्ये स्थापन झालेली डॅनिश ईस्ट एशियाटिक कंपनी सयाममधील (आजच्या थायलंडमधील) सागाच्या धंद्यात आधीपासूनच मुरलेली होती; जहाजांचा रस्ता तयार होता. अडचण कारखान्यात येई, कारण सागातील सिलिका या वाळूसारख्या कठीण द्रव्यामुळे पात्यांची धार पाहता पाहता जाते. टंगस्टन कार्बाइड या अतिकठीण पदार्थाच्या टोकांच्या करवती वापरून फ्रान्स अँड सन या कंपनीने हा प्रश्न सोडवला आणि सागी फर्निचर कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागले.

बॉर्गे मॉगेन्सेन (१९१४–१९७२) हे क्लिंट यांचे सर्वांत सरळ वारसदार. डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संस्थांच्या महासंघाने, म्हणजे एफडीबीने, १९४२ मध्ये त्यांना आपल्या फर्निचर विभागाचे प्रमुख नेमले. साध्या नोकरदार कुटुंबाला परवडेल असे भक्कम फर्निचर सहकारी दुकानांतून विकायचे, हा हेतू होता. सहकाराची सवय असलेल्या महाराष्ट्रात ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. १९४७ ची त्यांची जे-३९ खुर्ची, चार सरळ पाय, रुंद पाठपट्टी आणि कागदी दोरीची बैठक एवढ्यावर उभी असलेली, डेन्मार्कमध्ये ‘लोकांची खुर्ची’ म्हणून ओळखली जाते. पुढे ग्रेटे मेयर यांच्यासह त्यांनी भिंतीलगतच्या कपाटांची एक मालिका आखली. तिच्यासाठी घरात किती सदरे, किती चमचे, किती चादरी असतात आणि त्यांना किती जागा लागते, याची पद्धतशीर नोंद केली होती.

आर्ने याकोब्सेन (१९०२–१९७१) यांनी लाकडी सांगाड्याची वाट सोडली. नोव्हो या औषध कंपनीच्या उपाहारगृहासाठी १९५२ मध्ये केलेली ‘अँट’ खुर्ची आणि १९५५ ची ‘सीरीज ७’ या साच्यात दाबून वाकवलेल्या प्लायवूडच्या, पोलादी पायांच्या खुर्च्या आहेत. ‘एग’ आणि ‘स्वान’ या १९५८ च्या खुर्च्या कोपनहेगनच्या एसएएस रॉयल हॉटेलसाठी केल्या गेल्या. तेथील ६०६ क्रमांकाची खोली मूळ रूपात जपलेली आहे. त्याच काळातील डिझायनर पोल केअरहोल्म यांनी पोलादाला लाकडाइतक्याच जिव्हाळ्याने हाताळले. नाना डिट्झेल आणि ग्रेटे याल्क या स्त्री डिझायनरांचे काम त्या काळाच्या वर्णनांत तळटीपेपुरते येते, हे त्या वर्णनांचे उणेपण आहे.

डॅनिश मॉडर्नला जगाचे गिऱ्हाईक अमेरिकेने मिळवून दिले. १९५० मध्ये ‘इंटिरिअर्स’ या अमेरिकी नियतकालिकाने वेग्नर यांच्या राउंड चेअरला उचलून धरले. यूल यांची आरेखने ग्रँड रॅपिड्सच्या बेकर कंपनीने स्वतः बनवायला घेतली. १९५४ ते १९५७ या काळात ‘डिझाइन इन स्कँडिनेव्हिया’ हे फिरते प्रदर्शन अमेरिका आणि कॅनडातील शहरांत हिंडले. २६ सप्टेंबर १९६० रोजी केनेडी आणि निक्सन यांचा दूरचित्रवाणीवरील पहिला वादविवाद झाला तेव्हा मंचावर राउंड चेअरच मांडलेल्या होत्या. निर्यातीचा खर्च वाचवण्यासाठी सुटे करून पाठवता येणारे फर्निचर बनू लागले. मागणी वाढली तशी नक्कलही वाढली; १९६३ मध्ये ब्रिटिश मॉडेल ख्रिस्टीन कीलर यांच्या गाजलेल्या छायाचित्रातली खुर्ची ‘सीरीज ७’ ची नक्कलच होती, आणि ती आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात ओहोटी लागली. चटकदार रंगांच्या प्लास्टिकने तरुणांना भुलवले, आणि त्यातले एक मोठे नाव, व्हर्नर पॅन्टन, डॅनिशच होते. मजुरी महागली, गिल्डचे प्रदर्शन बंद पडले, एकेक कार्यशाळा मिटली. काही आरेखने मात्र नव्या हातांत गेली : यॉहानेस हान्सेन यांच्याकडच्या वेग्नर खुर्च्या पीपी मॉब्लर या कार्यशाळेने पुढे चालवल्या. १९९० च्या दशकापासून जुन्या मालाला लिलावांत पुन्हा मोल आले. जपानमध्ये तर विशबोन खुर्चीची लोकप्रियता तिच्या मायदेशाशी स्पर्धा करते.

हे आकर्षण टिकण्यामागे काही अगदी व्यावहारिक कारणेही आहेत. खुर्च्या हलक्या असतात आणि लहान खोलीत दाटी करत नाहीत. त्या पाठीमागूनही तेवढ्याच नीट दिसतात, म्हणून भिंतीला टेकवून ठेवाव्या लागत नाहीत. तेलाने किंवा साबणाच्या पाण्याने राखलेल्या लाकडावर ओरखडा उमटला तर घरच्या घरी घासून तो काढता येतो. चकचकीत लाखेच्या पॉलिशवर ही सोय नाही. मात्र हे फर्निचर सर्वसामान्यांसाठी आहे, असा जो दावा केला जातो तो आज तपासून घ्यावा लागतो. मॉगेन्सेन यांच्या सहकारी खुर्चीला तो शोभतो. गिल्डच्या प्रदर्शनातील खुर्च्या पहिल्या दिवसापासून महाग होत्या.

‘मिड-सेंच्युरी’ या नावाखाली भारतीय बाजारात डॅनिश घाटाच्या जोडीनेच स्विस वास्तुविशारद पिअर जानरे यांचे चंडीगढचे साग-वेताचे फर्निचरही येते. काळ जवळचा असला तरी तो प्रवाह वेगळा, सरकारी इमारतींसाठी जन्मलेला आहे. जुना डॅनिश माल विकत घेणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. बुफे (जेवणघरातील बसके कपाट) आणि टेबलांत बहुतेकदा भरीव साग नसून सागाचे व्हीनियर, म्हणजे वरून चिकटवलेला पातळ पापुद्रा, असते, आणि त्यामुळे वस्तू खोटी ठरत नाही. दुसरे, ब्राझिलियन शिसवी १९९२ पासून संकटग्रस्त वन्य प्रजातींच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक परिशिष्टात आहे, म्हणून त्या लाकडाची जुनी खुर्चीदेखील कागदपत्रांशिवाय सीमा ओलांडू शकत नाही. नकलांचा प्रश्न कायद्याने काही अंशी मिटला आहे : डेन्मार्कमध्ये अशा आरेखनांना निर्मात्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे संरक्षण मिळते, आणि ब्रिटनने कारखानी उत्पादनांपुरती असलेली २५ वर्षांची मर्यादा २०१६ मध्ये रद्द केल्यावर तेथील नकली खुर्च्यांच्या व्यापाराला मोठा फटका बसला.