जांभळाची बी, मधुमेहींचं हृदय आणि वीस मिनिटं जगणारं प्रथिन

जांभळांचा हंगाम आला की मंडईत टोपल्या दिसायला लागतात आणि पाठोपाठ मोबाइलवर तो ठरलेला मेसेज येतो : 'बिया फेकू नका, वाळवून पूड करा. भरपूर अँटिऑक्सिडंट! शुगर उतरते, हार्टही सुरक्षित.' सारसबागेकडे किंवा तळजाईवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना हेच आश्वासन कारल्याच्या आणि आवळ्याच्या रसाबरोबर ग्लासातून मिळतं. हा मेसेज सगळाच खोटा नाही. त्यात सांगितलेलं कारण मात्र चुकीचं आहे, आणि खरं कारण त्याहून कितीतरी सुंदर आहे.

मधुमेहानं हृदय बिघडतं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ब्लॉकेज येतं. पण १९७२ साली डॉ. रुब्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या अशा चार रुग्णांची नोंद केली, ज्यांचं हृदय थकत गेलं होतं, मात्र हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये त्याचं कारण सापडत नव्हतं. म्हणजे स्नायूच बिघडला होता. यालाच डायबेटिक कार्डिओमायोपथी म्हणतात. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या पाहणीतून दिसलं की मधुमेही पुरुषांत हार्ट फेल्युअरचं, म्हणजे हृदयाची ताकद कमी पडण्याचं, प्रमाण दुपटीहून जास्त आणि स्त्रियांत सुमारे पाचपट आहे.

हे घडतं कसं? हृदय दिवसाला लाखभर ठोके देतं. त्यासाठी लागणारी ऊर्जा पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या छोट्या ऊर्जाघरांत तयार होते आणि हृदयाच्या पेशीचा जवळपास एक तृतीयांश भाग या मायटोकॉन्ड्रियांनीच भरलेला असतो. मधुमेहात तिथे साखर आणि स्निग्धाम्लं यांचा नको तेवढा भरणा होतो. ऊर्जा तयार होताना काही इलेक्ट्रॉन वाटेतच निसटून ऑक्सिजनला चिकटतात आणि सुपरऑक्साइड हा आक्रमक रेणू तयार होतो. दुसरीकडे जादा साखर स्नायूतल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटते आणि ते एकमेकांत जखडले जातात. साखरेचं हेच चिकटणं हिमोग्लोबिनवर मोजलं, की त्याला आपण एचबीए-वन-सी म्हणतो. स्नायू ताठर होतो. आकुंचन ठीक चालतं, पण दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय पुरेसं सैल होत नाही आणि नीट भरत नाही. पर्वती चढताना लागणारी धाप कधी कधी याचीच असते. बारीक माणसानंही गाफील राहू नये. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबीचं प्रमाण जास्त असू शकतं, हे पुण्यातल्याच केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी जगाला दाखवून दिलं आहे.

आक्रमक रेणूंमुळे नुकसान होतं, तर अँटिऑक्सिडंट घ्या आणि ते रेणू टिपून टाका, असं वाटणं साहजिक आहे. तज्ज्ञांनाही तसंच वाटलं होतं. पण होप या चाचणीत नऊ हजारांहून जास्त लोकांना ई जीवनसत्त्व किंवा औषध नसलेली नुसती गोळी दिली गेली, त्यांत मधुमेहीही बरेच होते. २००० साली निकाल आला : हृदयाला फायदा शून्य. पुढे २००५ साली वाढीव काळाचे आकडे आले, तेव्हा ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर उलट थोडं जास्त होतं.

याचं एक कारण साध्या हिशेबात आहे. आपल्या पेशी स्वतःचं अँटिऑक्सिडंट बनवतात, ग्लुटाथायोन. ते पेशीत जेवढं असतं, त्याच्या हजारावा भागसुद्धा कांद्यातलं क्वेर्सेटिन किंवा हळदीतलं कर्क्युमिन रक्तात सहसा पोचत नाही. भरलेल्या खडकवासल्यात तांब्याभर पाणी ओतावं, तसं ते आहे. मग वनस्पतींचा जो काही परिणाम प्रयोगांत दिसतो, तो येतो कुठून?

इथे एनआरएफ-२ नावाचं प्रथिन येतं आणि मला या साऱ्या विषयात सर्वांत जास्त भुरळ त्यानंच घातली आहे. पेशी हे प्रथिन सतत तयार करते आणि सतत मोडून टाकते. कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं, त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लागते आणि पेशीतली मोडणारी यंत्रणा त्याचे तुकडे करते. एनआरएफ-२चं अर्धायुष्य जेमतेम वीस मिनिटांचं, म्हणजे तेवढ्यात त्यातलं निम्मं संपतं. हा उधळेपणा वाटतो, पण त्यात मोठं शहाणपण आहे. संकट आल्यावर नवं प्रथिन बनवायला घ्यायचं म्हटलं तर वेळ जाईल. त्यापेक्षा मोडणं थांबवलं, की साठा आपोआप वाढतो.

मोडणं थांबवतं कोण? कीप-१वर सिस्टीन या अमिनो आम्लाचे गंधकयुक्त बिंदू असतात आणि ते फार संवेदनशील असतात. आक्रमक रेणू त्यांना लागले की कीप-१ची रचना बिघडते आणि ते एनआरएफ-२ला मोडीत काढू शकत नाही. सुटलेलं एनआरएफ-२ केंद्रकात शिरतं, डीएनएवरच्या ठरावीक जागांवर बसतं आणि दोनशेहून जास्त जनुकं जागी करतं. त्यांत ग्लुटाथायोन बनवणारी जनुकंही आहेत.

आता गंमत बघा. ब्रोकोलीतलं सल्फोराफेन, शेवग्यातलं मोरिंगिन, हळदीतलं कर्क्युमिन हे रेणू त्याच गंधकाला जाऊन चिकटतात. क्वेर्सेटिन तर आधी स्वतः ऑक्सिडाइज होतं आणि मग चिकटतं. म्हणजे ज्यांना आपण अँटिऑक्सिडंट म्हणून गौरवतो, ते पेशीला सौम्य त्रास देतात आणि त्या त्रासानं पेशीचं स्वतःचं संरक्षण जागं होतं! वनस्पतींनी यांतली बरीच रसायनं किडींना पळवायला घडवली, हे लक्षात घेतलं तर त्यात नवल उरत नाही.

मग हेच बटण औषधानं जोरात दाबलं तर? तेही करून झालं. बार्डोक्सोलोन मिथाइल हे एनआरएफ-२ला जोरदार चालना देणारं औषध आहे. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेल्या सुमारे दोन हजार रुग्णांवर त्याची बीकन चाचणी सुरू होती. २०१२ साली ती मध्येच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत हार्ट फेल्युअर वाढलं. संरक्षण वाढवायचं तर किती वाढवायचं, हा प्रश्न फार नाजूक आहे.

'अमुक अर्कानं मधुमेही हृदय वाचलं' अशी बातमी येते, तेव्हा हे सगळं आठवावं. ते हृदय बहुतेक वेळा उंदराचं असतं. त्याला स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारलेल्या असतात. आपल्याकडचा बहुतेकांचा मधुमेह टाइप-२, त्याची घडणच निराळी. 'कडू खाल्लं की साखर उतरते' या समजुतीला तर काहीच आधार नाही, कारण चवीचा रक्तातल्या साखरेशी संबंध नाही. कडू लागलेल्या दुधीचा रस याच समजुतीपायी पिऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत. त्यातलं क्युकुरबिटासिन जहाल असतं. पहिल्याच घोटाला कडवटपणा जाणवला तर तो रस ओतून द्या. आणि पूड सुरू केली म्हणून गोळ्या बंद करणं हा स्वतःच्या हृदयावरचा सरळ अन्याय आहे.

वनस्पतींनी मधुमेही हृदयाला खरंच मोठं काही दिलं, ते वेगळ्याच वाटेनं. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं पॉलिफेनॉल काढलं गेलं. ते दिलं की लघवीतून साखर जाते, हे १८८६ साली फॉन मेरिंग यांनी दाखवलं. मूत्रपिंड रोज सुमारे १८० ग्रॅम ग्लुकोज गाळतं आणि जवळजवळ सगळं परत शोषून घेतं. ते शोषणारी वाहक प्रथिनं फ्लोरिझिन अडवतं. आतड्यात ते टिकत नसल्यानं रसायनशास्त्रज्ञांनी त्याची रचना बदलली आणि त्यातूनच 'ग्लिफ्लोझिन' औषधं आली. २०१५ साली एम्पा-रेग चाचणीत एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या, आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींचं हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती होणं ३५ टक्क्यांनी घटलं. रेणू टिपणाऱ्या अँटिऑक्सिडंटच्या कोणत्याही गोळीला हे जमलेलं नाही. मार्च २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं आणि किंमत बरीच खाली आली. हे औषध सर्वांना चालत नाही, त्यामुळे मनानं सुरू करू नये. पण मधुमेह जुना असेल आणि जिना चढताना नव्यानं धाप लागत असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना याबद्दल आणि टूडी इको या हृदयाच्या सोनोग्राफीबद्दल जरूर विचारा.