‘व्हेरी’ किती सांगतो, ‘रिअली’ काय सांगतो

‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ आणि ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’. दोन्ही वाक्यांत शब्द तेच आहेत, फक्त ‘रिअली’ची जागा हलली आहे. पहिल्याचा अर्थ होतो ‘मला ते फारसं आवडत नाही’, दुसऱ्याचा ‘मला ते अजिबात आवडत नाही’. पहिल्या वाक्यात नकार आधी येतो आणि ‘रिअली’ला आपल्या कह्यात घेतो, म्हणून नावड सौम्य होते. दुसऱ्यात ‘रिअली’ नकाराच्याही वर बसतो आणि त्याची ग्वाही देतो. ‘व्हेरी’ला हे जमत नाही. तो क्रियापदाच्या आधी उभाच राहत नाही, ‘आय व्हेरी लाइक इट’ हे इंग्रजीच नव्हे.

आपल्याकडे मात्र दोन्ही शब्द ‘खूप’ या एकाच अर्थाखाली शिकवून मोकळे होतात. खरं तर या दोघांमधला फरक अर्थविज्ञानातल्या फार सुंदर प्रश्नांपैकी एक आहे.

गंमत अशी की दोघांचंही मूळ सत्याशी जोडलेलं आहे. ‘व्हेरी’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्यामागे लॅटिन ‘वेरुस’ म्हणजे ‘खरा’ हा शब्द आहे. १४व्या शतकात इंग्रज कवी चॉसर आपल्या सरदाराचं वर्णन करताना ‘व्हेरी’ वापरतो, तेव्हा त्याला ‘खराखुरा’ असंच म्हणायचं असतं. ‘रिअली’च्या मुळाशी लॅटिन ‘रेस’ आहे, म्हणजे वस्तू, जे प्रत्यक्षात आहे ते. पुढे ‘व्हेरी’चा अर्थ झिजला. वापरून वापरून त्यातलं ‘खरं’ गेलं आणि फक्त जोर उरला. जुना अर्थ आता ‘दॅट व्हेरी डे’सारख्या प्रयोगांत तेवढा टिकून आहे. तिथे मराठीत आपण ‘त्याच दिवशी’ म्हणतो, एका ‘च’वर भागवतो. अशी झीज इतर भाषांतही होते. जर्मनमधला ‘झेअर’ म्हणजे आज ‘खूप’, पण एके काळी त्याचा अर्थ ‘वेदनेने’ असा होता.

‘रिअली’ मात्र पूर्ण झिजलेला नाही, आणि सगळा फरक तिथून सुरू होतो.

‘टॉल’ हे विशेषण शिडीसारखं आहे. उंचीला वरची पायरी नाही, कितीही वर जाता येतं. ‘व्हेरी’ आपल्याला या शिडीवर बराच वर चढवतो. ‘डेड’ला अशी शिडी नाही. माणूस मेलेला असतो किंवा नसतो. म्हणून ‘व्हेरी डेड’ कानाला खटकतं आणि मुद्दाम गंमत म्हणूनच चालतं. ‘रिअली डेड’ मात्र सरळ अर्थ देतं, तो खरोखर मेला आहे. क्रिस केनेडी आणि लुईस मॅकनॅली या भाषाशास्त्रज्ञांनी २००५मध्ये विशेषणांच्या या मोजपट्ट्यांची बारकाईने मांडणी केली. कोणत्या पट्टीला टोक आहे आणि कोणतीला नाही, यावर तिच्यासोबत कोणता जोर-शब्द चालेल हे बरंचसं ठरतं, असं त्यांनी दाखवलं. ‘एक्सलंट’ तर आधीच टोकाजवळ पोहोचलेलं. त्याला ‘व्हेरी’ लावला की अवघडल्यासारखं होतं, ‘रिअली’ सहज लागतो.

प्रश्न विचारताना हा फरक सगळ्यात ठळक होतो. ‘इज शी व्हेरी टॉल?’ हा उंचीबद्दलचा साधा प्रश्न आहे. ‘इज शी रिअली टॉल?’मध्ये ‘रिअली’वर जोर दिला, तर बोलणाऱ्याने आधी काहीतरी ऐकलेलं असतं आणि त्यावर त्याचा पुरता विश्वास बसलेला नसतो. मारिबेल रोमेरो आणि चुंग-हे हान या भाषाशास्त्रज्ञांनी २००४मध्ये नेमकं हेच उलगडलं. अशा ठिकाणी ‘रिअली’ गोष्ट किती आहे हे विचारत नाही, ती खरी मानायची का हे विचारतो. एवढासा शब्द ऐकणाऱ्यापर्यंत शंका पोहोचवतो, हे मला विलक्षण वाटतं.

झीज अजून थांबलेली नाही. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या बोलीचा साली टॅगलियामोंते आणि रिका इतो यांनी अभ्यास केला आणि तो २००३मध्ये प्रसिद्ध झाला. वयस्कर माणसांच्या तोंडी ‘व्हेरी’ जास्त होता, तरुणांकडे ‘रिअली’ झपाट्याने वाढत होता. म्हणजे जोर दाखवण्याच्या कामात ‘रिअली’ ‘व्हेरी’ची जागा घेत होता. शिळा झालेला शब्द जोर देईनासा होतो, म्हणून भाषेला सतत नवा लागतो.

मराठी माणसाची अडचण वेगळी आहे. आपला ‘खूप’ मुळात फारसीतला ‘खूब’, म्हणजे ‘चांगला’. तो कुठेही चालतो: खूप उंच, खूप आवडलं, खूप माणसं. इंग्रजीत या तिन्हींसाठी तीन वेगळ्या सोयी लागतात, आणि दुसऱ्या ठिकाणी ‘व्हेरी’ घातला की वाक्य बिघडतं. पण ‘रिअली’ समजून घ्यायला आपल्याकडे उत्तम आधार आहे, तो म्हणजे ‘खरंच’. ‘खरंच खूप सुंदर’ आपण रोज म्हणतो, ‘खूप खरंच सुंदर’ कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही ‘रिअली व्हेरी गुड’ चालतं, ‘व्हेरी रिअली गुड’ चालत नाही. प्रमाण सांगणारा शब्द विशेषणाला चिकटून बसतो आणि सत्याची ग्वाही देणारा त्याच्या बाहेरून येतो. दोन्ही भाषांत क्रम हाच आहे.