व्यायाम वेगळा, हालचाल वेगळी

साठी ओलांडलेल्या, वजन वाढलेल्या माणसाला डॉक्टरांनी ‘हालचाल वाढवा’ म्हटलं की घरात त्याचा अर्थ एकच निघतो: सकाळी फिरायला जायचं. काका साडेसहाला टेकडी चढून येतात. मग चहा, पेपर, मोबाइल, जेवण, वामकुक्षी आणि मालिका. पाण्याचा तांब्यासुद्धा हातात मिळतो, ‘सकाळी एवढं चालून आलेत’ म्हणून! व्यायाम झाला, हालचाल राहिली.

ठरवून, वेळ काढून केलेले श्रम म्हणजे व्यायाम. बाजारातून भाजी आणणं, कपडे वाळत घालणं, झाडांना पाणी घालणं, फोनवर बोलताना येरझाऱ्या, ही हालचाल. व्यायामात दम लागतो, म्हणून तोच मोठा वाटतो. पण 75 किलोच्या माणसाने अर्धा तास बऱ्यापैकी वेगात चालून जेमतेम 130 कॅलरी जातात, आणि त्यातल्या तीस-चाळीस तर नुसतं बसून राहिला असता तरी गेल्या असत्या. टेकडीखालचा एक वडापाव हे सगळं भरून काढतो आणि वर उरतो.

गोरान आणि पोएलमन या अमेरिकेतल्या संशोधकांनी 1992 साली निरोगी वृद्धांकडून आठ आठवडे दमसासाचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या दिवसभराच्या एकूण ऊर्जाखर्चात वाढच दिसली नाही, कारण उरलेल्या वेळात ती मंडळी आधीपेक्षा कमी हलत होती. म्हणजे काकांचा तांब्या काही आपल्याच घरातला नाही.

बरं, ‘चाळिशीनंतर मेटाबॉलिझम मंदावतो’ हेही सरसकट खरं नाही. 2021 सालच्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात विशीपासून साठीपर्यंत, शरीराच्या आकारमानाचा हिशेब धरल्यावर, ऊर्जाखर्च जवळपास स्थिर दिसला. उतार लागतो तो साठीनंतर, वर्षाला सुमारे 0.7 टक्के.

व्यायाम आणि हालचाल या दोन्हींतला खरा फरक कळतो तो इन्सुलिनपाशी, म्हणजे रक्तातली साखर पेशींत पोचवणाऱ्या संप्रेरकापाशी. वजनदार वृद्धांत बहुतेकदा इन्सुलिन कमी नसतं, उलट जास्तच असतं. स्नायू त्याला दाद देत नाहीत. पण स्नायू आकुंचन पावला की पेशीतले ग्लुकोजचे वाहक इन्सुलिनची वाट न बघता पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत ओढतात. हे जेवणानंतरच्या साध्या चालण्यातही होतं. 2013 साली साठीपुढच्या, साखर वाढण्याचा धोका असलेल्या लोकांवर एक छोटा प्रयोग झाला, फक्त दहा जणांचा. रोज सलग 45 मिनिटं चालणं आणि तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं चालणं, अशी तुलना होती. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरण्यात हे तीन तुकडे सरस ठरले. आपल्याकडे शतपावली म्हणतात ती हीच, फक्त शंभर पावलं फार तोकडी पडतात.

मग टेकडी सोडून द्यायची? मुळीच नाही. जोरकस व्यायामानंतर स्नायू इन्सुलिनला एक-दोन दिवस तरी जास्त दाद देतात, आणि हृदयाची, दमाची ताकदही त्यानेच वाढते. घरातल्या येरझाऱ्यांनी ते साधत नाही. स्नायू टिकवायचं कामही येरझाऱ्यांचं नाही, आणि खरं सांगायचं तर नुसत्या चालण्याचंही नाही. व्हियारियाल या संशोधकांच्या 2017 सालच्या चाचणीत 65 च्या पुढचे 160 स्थूल लोक होते. आहार कमी करून वजन उतरवताना ज्यांनी फक्त चालण्यासारखा व्यायाम केला, त्यांचं चरबी सोडून उरणारं वजन 5 टक्के घटलं. वजनं उचलणाऱ्यांचं 2 टक्केच. साठीनंतर वजनकाट्यावर खूश होण्याआधी नेमकं काय घटलंय ते बघावं. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठबस जमते का, हे मला काट्यापेक्षा मोलाचं वाटतं.

गुडघे कुरकुरत असतील तर जेवणानंतरच्या दहा-पंधरा मिनिटांपासून सुरुवात करावी आणि उठबस हळूहळू वाढवावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर चालणं वाढवण्याआधी डोसबद्दल डॉक्टरांना विचारून घ्यावं. हात थरथरले, घाम फुटला तर ती साखर उतरल्याची खूण असू शकते, म्हणून खिशात साखरेची पुडी असू द्यावी.