रशियन अनुवादित साहसी चित्रकथा

मूळ फ्रेंच, इंग्रजी वा जपानी साहसी चित्रकथांची रशियन भाषांतरे आणि ती वाचण्याचा रशियात रुजलेला प्रघात. चित्रकथेला रशियनमध्ये ‘कोमिक्स’ म्हणतात. इंग्रजी अनेकवचनाचा ‘स’ येथे शब्दाच्या अंगातच मुरला असून, त्याला पुन्हा रशियन प्रत्यय लावून ‘कोमिक्सी’ असे अनेकवचन होते (‘रेल्स’ म्हणजे रूळ, हाही असाच घडलेला शब्द). संवादाच्या फुग्याला जाणकार फ्रेंचवरून आलेला ‘फिलाक्तेर’ हा शब्द योजतात.

या प्रकाराचे मूळ वादग्रस्त आहे. साधारणपणे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडी ठशांवर छापली जाणारी ‘लुबोक’ चित्रे ही रशियन चित्रकथेची पूर्वज होत, असे काही अभ्यासक मानतात. लोककलेचे संग्राहक द. अ. रोविन्स्की यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकचित्रांच्या बृहत्संग्रहात चित्र आणि मजकूर एकत्र नांदणारे पुष्कळ नमुने आहेत. कवी मायाकोव्हस्की प्रभृतींची ‘रोस्ता’ या सरकारी वृत्तसंस्थेची भित्तिपत्रके (१९१९–२१) चौकटींतून क्रमाने उलगडतात, हाही या मताचा आधार. उलट, चौकटीगणिक कृती पुढे सरकवून वाचकाला पान उलटायला लावणारे तंत्र बाहेरून आले, असे दुसरे मत आहे. साहसकथेपुरते पाहिल्यास हेच अधिक ग्राह्य वाटते. लुबोकपुढे वाचक थांबून रेंगाळतो. पाठलागाच्या चित्रकथेत त्याला थांबता येत नाही. युरी लोबाचेव्ह, कॉन्स्तान्तिन कुझ्नेत्सोव्ह या रशियन स्थलांतरितांनी १९३० नंतरच्या दशकात बेलग्रेडमध्ये उत्तम चित्रकथा रचल्या, पण त्या सर्बियन वाचकांसाठी.

सोव्हिएत काळात या प्रकाराकडे संशयाने पाहिले जाई. बालसाहित्यिक कर्नेय चुकोव्हस्की यांनी १९४८ मध्ये अमेरिकी कॉमिक्सवर कठोर टीका केली. १९५६ पासून निघणाऱ्या ‘वेस्योलिए कार्तिन्की’ या मासिकातील चित्रमालिका लहानग्यांसाठी होत्या. फ्रेंच कम्युनिस्टांचे ‘पिफ’ हे साप्ताहिक मात्र काही सोव्हिएत शहरांत मिळे. ते फ्रेंचमध्येच असे. ‘राआन’ या अश्मयुगीन नायकाची कथा मुले चित्रांवरून ताडत. अनुवादाआधीचे हे वाचन दुर्लक्षिले जाते, ते योग्य नव्हे.

१९८८ च्या सुमारास ‘मिकी माउस’ मासिकाची रशियन आवृत्ती निघाली आणि अनुवादित चित्रकथा नियमित हाती येऊ लागली. पुढे बेल्जियन चित्रकार एर्जेच्या ‘तँतँ’ची (इंग्रजीत ‘टिनटिन’) भाषांतरे झाली. त्या मालिकेचे पहिलेच साहस (१९२९–३०) सोव्हिएत भूमीवर घडते आणि तेथील राजवटीवर सडकून टीका करते.

अनुवादातील खरी कसोटी फुग्यात लागते. फुग्याचा आकार ठरलेला, रशियन शब्द लांब आणि मोठ्या लिपीतील ‘श’, ‘श्च’, ‘झ’ यांची अक्षरे रुंद. त्यामुळे वाक्य छाटावे लागते. इंग्रजी ‘यू’साठी ‘ती’ (तू) की ‘वी’ (तुम्ही) हे अनुवादकाला प्रत्येक जोडीपुरते ठरवावे लागते. खलनायक नायकाला ‘तू’ म्हणतो ती चौकट मूळ इंग्रजीत कदाचित साधी असेल. रशियनमध्ये तिथे अपमान ऐकू येतो. दोन अनोळखी सोबती कोणत्या पानावर ‘वी’वरून ‘ती’वर येतात, यावरून त्यांच्या मैत्रीचा क्षण ठरतो, आणि तो मूळ लेखकाने नव्हे, अनुवादकाने निवडलेला असतो. ध्वनिशब्दांची अडचण वेगळी. ते चित्रातच रंगवलेले असल्याने ‘बाख’ (गोळीचा आवाज) किंवा ‘प्ल्यूख’ (पाण्यात पडण्याचा आवाज) लिहायचे तर मूळ अक्षरे पुसून त्यामागचे आकाश वा लाट पुन्हा रंगवावी लागते.