कातड्यांच्या शोधात सापडलेला किनारा

17 नोव्हेंबर 1820 रोजी ‘हीरो’ नावाचे एका डोलकाठीचे गलबत दक्षिण शेटलंड बेटांच्याही दक्षिणेला, बर्फाने कोंदलेल्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी पोचले आणि तिथूनच माघारी वळले. गलबताची लांबी जेमतेम 14 मीटर, म्हणजे मोठ्या बसहून थोडी अधिक, आणि कप्तान नॅथॅनिएल पामर अवघ्या 21 वर्षांचा. समोरचे उभे कडे अंटार्क्टिक द्वीपकल्पाचे होते. पण कनेटिकटमधल्या स्टोनिंग्टनचा हा तरुण खंड शोधायला नव्हे, फर सीलने भरलेला नवा किनारा शोधायला निघाला होता.

फर सीलच्या अंगावर राठ केसांखाली अतिशय दाट, मऊ लव असते. तिच्यात हवा अडकून राहत असल्यामुळे गार पाणी त्वचेपर्यंत पोचत नाही, आणि नेमक्या याच लवेला बाजारात मोल होते. दर उन्हाळ्यात माद्या पिले घालण्यासाठी ठरावीक किनाऱ्यांवर दाटीने जमतात, त्यामुळे शिकाऱ्यांना पाठलाग करावा लागत नसे. सोट्याने डोक्यावर घाव घालायचा, कातडे सोलायचे आणि मीठ लावून थरावर थर रचायचे, एवढेच काम. 1819 मध्ये ब्रिटिश कप्तान विल्यम स्मिथला दक्षिण शेटलंड बेटे दिसली आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथले किनारे ओस पडले. स्वतः सीलशिकारी असलेल्या जेम्स वेडेलच्या अंदाजानुसार 1821 आणि 1822 या दोन वर्षांत 3 लाख 20 हजार सील मारले गेले. आईविना मेलेली पिले त्याने वेगळी मोजली होती.

अंटार्क्टिका प्रथम कोणी पाहिली, यावर बराच वाद झाला आहे. रशियाचा बेलिंग्सहाउझेन आणि ब्रिटनचा ब्रान्सफील्ड जानेवारी 1820 मध्येच तिथवर पोचले होते, तेव्हा पामरला पहिला मान देणे मला तरी ओढूनताणून वाटते. फेब्रुवारी 1821 मध्ये पामर आणि बेलिंग्सहाउझेन यांची समुद्रात गाठ पडली, तेव्हाच्या रशियन वृत्तांतातही मुख्य विषय सीलचाच आहे. जवळचे किनारे रिकामे होत गेले तसा पामर पुढे सरकला आणि डिसेंबर 1821 मध्ये जॉर्ज पॉवेलसोबत त्याला दक्षिण ऑर्कनी बेटे सापडली.

पुढे न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या सपाट तळाच्या जहाजांवर काम करताना असा तळही वेगवान ठरतो, हे पामरने हेरले. चीनच्या व्यापारासाठी 1844 मध्ये बांधलेल्या ‘हौक्वा’ या जहाजाच्या आराखड्यात ते उतरले. जहाजाला नाव दिले होते कँटनच्या एका बड्या व्यापाऱ्याचे; त्याच कँटनच्या बाजारात अमेरिकी गलबतांनी एके काळी सीलची कातडी विकली होती.